जळालेली मोटर घरी हाताने भरता येते का?

येते. तुमचा प्रश्न असा की सिंगल फेज मोटर जळली आहे, तार आणून कॉइल स्वतः टाकल्या तर चालेल का. चालेल. पण कॉइल टाकणं हे त्यातलं सोपं काम. डोकं लागतं ते जुनं वाइंडिंग, म्हणजे आतल्या जुन्या कॉइल, काढताना.

मी पहिली मोटर भरली तेव्हा सगळ्यात बाहेरची एकच कॉइल मोजली आणि बाकीच्याही तितक्याच टर्नच्या, म्हणजे वेढ्यांच्या, केल्या. एकात एक बसणाऱ्या कॉइलमध्ये बाहेरच्या मोठीला टर्न जास्त आणि आतल्या छोटीला कमी असतात, हे माझ्या गावीही नव्हतं. ठोकून ठोकून कशाबशा स्लॉटमध्ये, म्हणजे मोटरच्या आतल्या खाचांमध्ये, कोंबल्या. मोटर रिकामी छान फिरायची, लोड आला की बसायची. टर्न वाढले की चुंबकत्व घटतं, जोर जातो. तेव्हा प्रत्येक कॉइल वेगळी मोजा. कुठली कॉइल कुठल्या स्लॉटपासून कुठल्या स्लॉटपर्यंत, कुठलं टोक कशाला जोडलंय, सगळं कागदावर काढा. फोटो घ्या, पण नुसत्या फोटोवर विसंबू नका. काळ्या पडलेल्या तारांच्या गुंत्यात नंतर काही कळत नाही.

तारेची जाडी मोजताना इनॅमल, म्हणजे तारेवरचा इन्सुलेशनचा पातळ थर, चाकूने खरवडू नका, तांबंही निघतं. टोक ज्योतीवर धरा, फडक्याने पुसा, मग मायक्रोमीटर लावा. तो नसेल तर पेन्सिलीवर दहा वेढे खेटून गुंडाळा, पट्टीने मोजा, दहाने भागा. ‘22 नाही मिळाली, 23 चालेल’ हे मात्र नको. 22 गेजची तार 0.71 मिमी, 23 ची 0.61. फरक किरकोळ वाटतो, पण तांब्याचा छेद पाव हिश्श्याहून जास्त घटतो आणि मोटर तापते.

पुढे लाकडी फॉर्म्यावर, म्हणजे कॉइलच्या मापाच्या साच्यावर, कॉइल गुंडाळायची, स्लॉटला नवा इन्सुलेशन पेपर घालायचा आणि चार-पाच चार-पाच तारा बोटांनी आत सरकवायच्या. स्क्रूड्रायव्हरने दाबायचा मोह होतो. इनॅमलवर ओरखडा पडला की तिथेच शॉर्ट. बांबूची चपटी पट्टी घ्या. शेवटी कॉइल पक्क्या करायला वार्निश देतात, त्याच्या आधी कॉइल आणि बॉडीमध्ये मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघा, नंतर चूक सापडली तर सगळं कापूनच काढावं लागतं.

आणि मोटर मुळात जळली कशाने, ते शोधा. फक्त स्टार्टिंगच्या कॉइल काळ्या असतील तर आधी सेंट्रिफ्युगल स्विच (मोटरने वेग घेतला की स्टार्टिंगच्या कॉइल तोडणारा स्विच) बघा, तो बहुधा चिकटलेला असतो. तो तसाच ठेवून मोटर भरलीत तर नवं वाइंडिंगही थोड्याच वेळात धूर काढेल.