कॅशे पडला तरी साइट चालावी

प्रश्न : आमच्या साइटवर सांगली बाजारातले हळदीचे दर दिसतात. रेडिस (दर झटपट देण्यासाठी ते मेमरीत धरणारा आमचा कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा) बंद पडला की अख्खी साइटच एरर ५०० देते. उपाय? – एक वाचक, सांगली

उत्तर : रेडिसचा प्रत्येक कॉल ट्राय-कॅचमध्ये (चूक पकडून प्रोग्राम पुढे चालू ठेवणाऱ्या कोडमध्ये) घ्या; चूक लॉगमध्ये नोंदवून दर थेट डेटाबेसमधून आणा. खरी गोम मात्र टाइमआउटमध्ये, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याच्या मुदतीत आहे. बंद सर्व्हर बहुधा लगेच नकार देतो, अडकलेला सर्व्हर प्रत्येक विनंतीला ताटकळत ठेवतो. म्हणून टाइमआउट १०० ते २०० मिलिसेकंदच ठेवा. सलग ५ चुका झाल्या, की ३० सेकंद रेडिसकडे फिरकूच नका. पण मग ऐन सौद्याच्या वेळी सगळी गर्दी डेटाबेसवर कोसळेल. तेव्हा शेवटचे दर अ‍ॅपच्या मेमरीत मिनिटभर धरा आणि शेजारी वेळ दाखवा. शिळा दर चालेल, पण वेळेशिवाय नको. लॉगिनची सेशन्सही (कोण लॉगिन आहे याच्या नोंदी) रेडिसमध्येच असतील, तर ती आधी डेटाबेसमध्ये हलवा.