मुलीची कल्पनाशक्ती वाढावी म्हणून कोणता क्लास लावावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेपाच वर्षांची आहे, चित्रात दरवेळी तेच दोन डोंगर आणि मधला सूर्य काढते, घरी देवाधर्माचं फारसं कुणी करत नाही. मग गोष्टी, गाणी, झाडंपानं यांतलं सुरू कुठून करावं? क्लासचं मला विचारू नका. एक लावला होता, महिन्याभरात बंद केला. तिथेही दोन डोंगर आणि मधला सूर्यच शिकवत होते, फक्त ऑइल पेस्टलने.

आमच्याकडे सुरुवात झाली ती जिवतीच्या कागदावरून. श्रावण लागला की सासूबाई तो देवघराशेजारी डकवतात. पाहिला नसेल तर सांगते: वर नरसिंह, मग कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, पोरंबाळं घेऊन बसलेल्या जिवत्या, आणि हत्तीवरचा बुध नि वाघावरचा बृहस्पती. लेक तेव्हा पाचाची. शुक्रवारी ऐन आरतीत हिने मोठ्याने विचारलं, "आजी, वाघ हत्तीला खाणार नाही का?" मी 'देवांची वाहनं असतात ती' वगैरे सांगायला तोंड उघडलंच होतं. सासूबाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि तिला म्हणाल्या, "मलापण तीच काळजी आहे गं. तूच लक्ष ठेव."

पुढचे सगळे शुक्रवार त्या वाघाचे. आधी त्याचा उपास होता. मग हत्ती त्याच्याशी बोलत नाही म्हणून तो रुसला. श्रावण संपता संपता कळलं की रात्री सगळे झोपले की तो कागदातून उतरतो आणि नैवेद्याचे चणे-फुटाणे खातो. (वाटी कोण रिकामी करत होतं ते मला ठाऊक आहे.)

मी फार देवभोळी नाही, नवरा तर हातही जोडत नाही. पण उंदरावर बसणारे, दहा तोंडांचे, अर्धे सिंह अर्धे माणूस असे लोक आपल्याकडे आयतेच आहेत. श्रद्धा असो-नसो, त्यांची आणि मुलांची गाठ पडू द्यावी. फक्त तात्पर्य सांगू नका. प्रत्येक गोष्टीला 'म्हणून मोठ्यांचं ऐकावं' असं शेपूट लावलं की मुलं हुशार असतात, गोष्टच ऐकायची सोडतात.

पुस्तकांचंही तेच. 'किशोर' घ्या, बालभारतीचं, 1971 पासून निघतंय. जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. वाचून दाखवताना मी चित्रावर तळहात ठेवते. आधी तिचा राक्षस कसा दिसतो ते सांगायचं, मग हात काढायचा. बहुतेक वेळा तिला छापलेला राक्षस पसंत पडत नाही. कधी अर्ध्या पानावर थांबून मी उठते, कारण भाजी खरंच करपत असते, आणि परत येईपर्यंत गोष्ट भलतीकडे गेलेली असते.

गाण्याचं मला कळत नाही. खालच्या मजल्यावर एक मुलगा तबला शिकतो, त्याचा रूपक ताल ऐकून ऐकून हिला पाठ झाला. तीं तीं ना, धीं ना, धीं ना म्हणत जिना चढते. मात्रा सात, पाय दोन, म्हणून पहिला 'तीं' एकदा उजव्या पायावर पडतो, पुढच्या वेळी डाव्यावर. हे तिचं तिनेच शोधून काढलं आणि आठवडाभर घरात सगळ्यांना चढायला-उतरायला लावलं. सासऱ्यांचे गुडघे दुखले.

एक चूक माझीही. दिवाळीत वेळ नव्हता म्हणून प्लास्टरचा तयार किल्ला आणला. सुरेख होता. दोन दिवस बघितला, मग त्यावर तिचे मोजे वाळत पडले. पुढच्या वर्षी विटा, गोणपाट आणि खालच्या बागेतली माती. अळीव पेरले, बाटलीच्या झाकणाची विहीर झाली, आणि दरवाज्यावर मावळ्याशेजारी प्लास्टिकचा डायनासोर पहाऱ्याला. मावळा झोपला तर कोण बघणार, असं तिचं म्हणणं. गॅलरी आठ दिवस चिखलाची होती, तेवढी तयारी ठेवा.

निसर्गासाठी लांब सहल काढायची गरज नाही. आम्ही वेताळ टेकडीवर जातो आणि एकाच काटेसावरीला भेटतो. फेब्रुवारीत पान नाही, नुसती लाल फुलं आणि मैनांचा कलकलाट; उन्हाळ्यात तीच कापूस उडवते. तिचं नाव 'सावरबाई' आहे, मला विचारून ठेवलेलं नाही.

आता ते दोन डोंगर. काढू देत. पुढच्या वेळी फक्त विचारा की पलीकडे कोण राहतं, आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारू नका. आमच्या हिने चौथ्या दिवशी, डोक्यावरून आंघोळ चालू असताना सांगितलं: तिकडे वाघाचं आजोळ आहे.