शेंगदाणा काढल्यानंतरचा खोकला

श्वासनलिकेत अडकलेला पदार्थ काढल्यावर मुलाचे सगळे दुखणे संपले, असे समजून पालक निर्धास्त होतात आणि त्यानंतरच्या त्रासाबद्दल मला एकाच आशयाची पत्रे येत राहतात. त्यांतील काहींची ही उत्तरे.

प्रश्न : काल दोन वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीने शेंगदाणा काढला. आज त्याचा आवाज घोगरा आहे. स्वरयंत्राला इजा झाली असेल का? (पलूस)

उत्तर : बहुधा ही दुर्बिणीमुळे आलेली सूज आहे व ती एक-दोन दिवसांत उतरते. मात्र श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज आला किंवा बरगड्यांमधली जागा आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तान्ह्या बाळाच्या सुमारे ४ मिलिमीटर रुंद श्वासमार्गात चोहीकडून १ मिलिमीटर सूज आली, तरी हवेची वाट मूळच्या पाव हिश्श्यावर येते.

प्रश्न : दाणा काढून तीन आठवडे झाले, एक्स-रे स्वच्छ आहे, तरी खोकला व अधूनमधून ताप आहे. घरचे म्हणतात, बाळदमा असेल, वाफ देत राहू. पुन्हा मिरजेला जावे का? (विटा)

उत्तर : जावे, आणि याच आठवड्यात जावे. शेंगदाणा विरघळतो हा समज मी कितीदा खोडला असेल, तरी तो जात नाही. ओलाव्याने दाणा फुगतो, ठिसूळ होतो आणि चिमट्यात धरताना फुटून त्याची एखादी फाक खोल नळीत राहू शकते. शिवाय त्यातील तेलाने नळीचे अस्तर सुजते, मागे कफ साचतो आणि तेथेच न्यूमोनिया होतो. दाणा एक्स-रेवर दिसत नसल्याने स्वच्छ एक्स-रे हा त्याच्या नसण्याचा पुरावा नव्हे. दम्याचा सूं-सूं आवाज सहसा दोन्ही बाजूंना असतो; तो एकाच बाजूला ऐकू आला, तर अडथळ्याचा संशय घ्यावाच लागतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला तीन महिने दम्याची वाफ दिली गेली होती. त्या वाफेतल्या स्टिरॉइडने सूज तेवढ्यापुरती ओसरे, खोकला कमी होई आणि सर्वांना औषध लागू पडल्यासारखे वाटे. तोवर आत राहिलेल्या फाकेभोवती हाताळताच रक्त येणारे मांस वाढले होते. याहून उशीर झाला असता, तर नळ्या कायमच्या रुंदावून बिघडण्याचा धोका होता. म्हणून ज्यांनी दाणा काढला त्यांनाच दाखवावे, जुने कागद सोबत न्यावेत आणि दुसऱ्यांदा ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेची दुर्बिणीने तपासणी, सुचवली, तर तिला पहिल्या डॉक्टरांची चूक समजून टाळू नये.

प्रश्न : केळे खाऊ घातल्यास उरलेला तुकडा खाली जाईल का? (कोरेगाव)

उत्तर : नाही, केळे अन्ननलिकेत जाते.

प्रश्न : ‘फुफ्फुसे धुऊन काढणारे’ सिरप ऑनलाइन मिळते. द्यावे का? (इस्लामपूर)

उत्तर : देऊ नये. कोणतेही सिरप श्वासनलिकेतला तुकडा बाहेर आणत नाही. विक्रेत्याची जाहिरात वाचण्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांना छाती तपासू द्यावी.

प्रश्न : आता मुलाला शेंगदाणे कधी द्यावेत? (वडूज)

उत्तर : अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोत, फुटाणेही नकोत. बारीक कूट भाजीत किंवा आमटीत चालेल, पण खोकला पूर्ण थांबल्यावर आणि तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.