एकाच पायाला सूज, तीही उतरत नाही

प्रश्न : सासूबाईंना (वय 58) नऊ वर्षांपासून रुमॅटॉइड संधिवात आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे. दोन महिन्यांपासून डावा पाय पोटरीपर्यंत सुजलाय. दुखत नाही, पण सकाळीही उतरत नाही. मेडिकलवाल्याने दिलेल्या लघवीच्या गोळ्यांनी फरक पडला नाही. घट्ट मोजे घालावेत का? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : मोज्यांचं नंतर बघू, आधी त्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. हृदयाची किंवा मूत्रपिंडाची सूज बहुधा दोन्ही पायांना येते. एकाच पायाला आली की पहिली शंका शिरेतल्या गुठळीची. संधिवातात तिचा धोका जास्त असतो, म्हणून दुखत नसलं तरी एक-दोन दिवसांत पायाची डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या. नुसत्या डी-डायमरवर (गुठळीच्या शंकेसाठीची रक्ततपासणी) विसंबू नका, तो सांध्यांच्या दाहानेही वाढतो. गुडघ्यामागची पाण्याची गाठ (बेकर सिस्ट) फुटून पाणी पोटरीत उतरलंय का, तेही याच सोनोग्राफीत दिसतं.

दोन्ही नसेल तर लिम्फेडीमा, म्हणजे लसिकेचा (लिम्फचा) निचरा न झाल्याने येणारी सूज, असू शकतो. संधिवातात तो क्वचित होतो, पण होतो. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून बघा. उजव्या पायाची येते आणि डाव्याची येत नाही, तर लिम्फेडीमाच समजा. मात्र चिमटीत आली म्हणून तो नाहीच असं नाही. माहेर चंद्रपूर-गडचिरोलीकडचं असेल तर हत्तीरोगाचंही डॉक्टरांच्या कानावर घाला.

या सुजेतल्या पाण्यात प्रथिनं असतात, म्हणून लघवीच्या गोळीने ती हटत नाही, दाबानेच उतरते. दाब देण्याआधी घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून घ्यावा. घोट्याचा भागिले दंडाचा, हे गुणोत्तर 0.8 च्या खाली असेल तर तज्ज्ञाशिवाय पट्टी नको, 0.5 च्या खाली असेल तर मुळीच नको. मग कमी ताणली जाणारी (शॉर्ट-स्ट्रेच) पट्टी बोटांपासून वर, घोट्याशी जास्त दाब आणि वर कमी, अशी फिजिओथेरपिस्टकडून बांधून शिकावी. साधी क्रेप इथे फारशी कामाची नाही.

घोट्याच्या हाडापासून वर 10, 20, 30 सेंमीवर पेनाने खुणा करा आणि दर आठवड्याला सकाळी दोन्ही पायांचा घेर वहीत लिहा. आकडे खाली येऊन स्थिरावले की मोज्यांचं माप द्या. सुजलेल्या पायावर घेतलेला मोजा महिनाभरात ढिला पडतो, घसरतो, आणि त्याची गुंडाळलेली कड रबरबँडसारखी पोटरीत रुतते. वाकड्या बोटांनी मोजा ओढवत नसेल तर रबरी हातमोजे घालून ओढावा, नाहीतर वेल्क्रोचा पट्टा घ्यावा.

बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करा. श्रावणातली ब्रह्मगिरीची अनवाणी फेरी यंदा नको. साध्या ओरखड्यातूनही जंतू शिरतात. पाय लाल, गरम झाला, थंडी वाजली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि मेथोट्रेक्सेटचा त्या आठवड्याचा डोस घ्यायचा का, ते विचारूनच ठरवा. अचानक धाप लागली तर थेट कॅज्युअल्टी.