पेट्रोलचा प्रेशर वॉशर घ्यावा की विजेचा? आधी तास मोजा

प्रश्न: घरापुढे साधारण 60 चौरस मीटरचं फरशीचं अंगण आहे, कंपाउंडची भिंत आहे, एक कार आहे. महिन्यातून दोनदा गाडी धुवायची आणि वर्षातून एकदा शेवाळ काढायचं, यासाठी प्रेशर वॉशर, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी मारणारं मशीन, घ्यायचाय. मला विजेचा पुरेसा वाटतो. नवऱ्याचं म्हणणं, घ्यायचंच तर एकदाच दमदार, म्हणजे पेट्रोलचा घ्यावा. त्यावर बिनव्याजी हप्ते मिळतायत, आणि सुटीच्या दिवशी आसपासची कामं घेऊन पैसे वसूल होतील असंही ते म्हणतात. काय करावं?

उत्तर: तुम्ही यादीतल्या तिन्ही मशीनचा दाब, पाण्याचा प्रवाह, किंमत, हप्ता, सगळं व्यवस्थित कळवलंत. फक्त वर्षाला किती तास वापर होणार, ते राहिलं. तुमच्याच मजकुरावरून ते अंदाजाने काढते. गाडीला दर वेळी 20 मिनिटं, म्हणजे वर्षाला 8 तास. अंगण आणि भिंत मिळून 7 तास. एकूण 15 तास. वर्षाच्या 8,760 तासांपैकी 15 तास मशीन चालणार आणि बाकी सगळा वेळ कोपऱ्यात उभं राहणार. तेव्हा उभं असताना कोणतं मशीन किती पैसे खातं, हे माझ्या मते किमतीइतकंच महत्त्वाचं आहे.

तुमच्या यजमानांचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात तथ्य आहे. दाबाला प्रवाहाने गुणलं की नोझलपाशी प्रत्यक्ष किती ताकद मिळते ते कळतं. बार (दाबाचं एकक) गुणिले लिटर प्रति मिनिट, भागिले 600, उत्तर किलोवॅटमध्ये. तुमचं विजेचं मशीन 110 बार आणि 6 लिटरचं, म्हणजे 1.1 किलोवॅट. पेट्रोलचं 170 बार आणि 9 लिटरचं, म्हणजे जवळजवळ 2.6 किलोवॅट. दुपटीहून जास्त. मोठी फरशी त्याने लवकर निघेल, यात शंका नाही. (खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा कमाल दाबाचा असतो, काम करतानाचा दाब त्याहून कमी. तुलना करताना दोन्हीकडचा कामाचा दाबच धरा. आणि इंग्रजी माहितीपत्रकात ‘गॅस’ लिहिलेलं दिसलं तर ते पेट्रोलच, सिलिंडर नव्हे.)

पण ही ताकद तुमच्या नळातून यायला हवी. 20 लिटरची बादली नळाखाली ठेवा, नळ पूर्ण सोडा आणि ती भरायला किती वेळ लागतो ते बघा. दोन मिनिटांत भरली तर नळ मिनिटाला 10 लिटर देतो, पेट्रोलचं मशीन जेमतेम चालेल. तीन मिनिटं लागली तर प्रवाह साडेसहा लिटरच. मग 9 लिटर मागणाऱ्या पंपाला पाणी कमी पडणार, पंप हवा ओढणार आणि आतून झिजणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ही परीक्षा फुकट आहे, खरेदीच्या आधी करा.

आता हिशेब. किमती ठिकाणानुसार बदलतात, म्हणून तुमच्या विजेच्या मशीनची किंमत 100 धरते. त्या मापात तुम्ही कळवलेलं पेट्रोलचं मशीन 260 ला पडतं. आठ वर्षांचा विचार करू, म्हणजे 120 तास.

पेट्रोलच्या मशीनला दरवर्षी इंजिन ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लगची तपासणी आणि एखादी सर्व्हिसिंग लागेल. त्याचे वर्षाला 12 धरते, आठ वर्षांचे 96. शेवटी विकून 60 परत आले असं मानू. म्हणजे 260 अधिक 96 वजा 60, निव्वळ 296. इंधन वेगळं.

विजेच्या मशीनबाबत मी मुद्दाम कठोर होते. या किमतीच्या मशीनमध्ये सहसा कार्बन ब्रशची मोटर असते, तिचं आयुष्य मर्यादित. चार वर्षांत ती संपली आणि तुम्हाला तसंच दुसरं मशीन पूर्ण किमतीला घ्यावं लागलं, असं धरू. पाइप-वायसरचे 15 आणखी. एकूण 215, आणि विकून एक पैसाही परत नाही. म्हणजे दोनदा खरेदी करूनही विजेचं स्वस्त पडतं. ‘एकदाच दमदार’ हा युक्तिवाद तुमच्या वापराला इथेच लागू पडत नाही.

इंधन तुम्ही तुमच्या दराने गुणून बघा. 1.6 किलोवॅटची मोटर 15 तास चालली तर वर्षाला 24 युनिट वीज. पेट्रोलच्या मशीनने फरशीचे 7 तास 4 वर आणले तरी गाडीचे 8 तसेच राहणार, कारण गाडीच्या रंगावर जास्त दाब मारायचाच नसतो. 12 तास, ताशी अंदाजे 1.4 लिटर, म्हणजे सुमारे 17 लिटर पेट्रोल. शिवाय तुम्ही ट्रिगर सोडला की विजेची बहुतेक मशीन आपोआप थांबतात; इंजिन मात्र चालूच राहतं, पेट्रोल जाळतं आणि अडकलेलं पाणी पंपात गरम करतं. पाण्यात फार फरक नाही: विजेला वर्षाला 5,400 लिटर, पेट्रोलला 6,480.

उभं असताना खाल्लेला पैसा मी स्वतः मोजलाय. आमच्याकडे पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं यंत्र होतं, वर्षातून तीन-चारदा लागणारं. टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, कार्ब्युरेटरमध्ये त्याचा चिकट थर बसला, आणि ऐन गरजेला यंत्र सुरू होईना. दुरुस्तीचं बिल देताना वाईट वाटलं, कारण चूक आमची होती. महिन्याभराहून जास्त उभं राहणार असेल तर पेट्रोल काढून टाकायचं किंवा त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य, घालायचा, हा नियम. गाडी धुणं कधी महिनाभर राहून गेलं, तर वर्षाला 15 तास वापरणाऱ्या घरात तो दर वेळी पाळला जाईल, असं मला वाटत नाही.

तुमच्या यादीतलं तिसरं मशीन, इंडक्शन मोटरचं (ब्रश नसलेल्या मोटरचं), 170 ला आहे. ते जड, पण आवाज कमी आणि टिकाऊ. महिन्याला पाच-सहा तास वापर असता तर मी तेच सुचवलं असतं. तुम्हाला 100 वालं पुरे आहे. त्यालाच फरशीसाठी फिरत्या नोझलचं गोल सरफेस क्लीनर जोडा, ते तुमच्या मशीनच्या प्रवाहाला चालतं ना एवढं विचारून घ्या. शेवाळावर आधी योग्य द्रावण टाकून थोडा वेळ थांबलं की निम्मं काम तेच करतं. जास्त दाबाने फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट आणि भिंतीचा जुना रंग उडाला, तर ती दुरुस्ती कुठल्याही मशीनपेक्षा महाग पडेल. वार्षिक सफाईला जास्त ताकद हवीच असेल तर पेट्रोलचं मशीन एका दिवसासाठी भाड्याने मिळतं का, ते बघा.

हप्त्यांचं सोपं आहे. दुकानात विचारा, ‘आज पूर्ण रोख दिले तर किती?’ रोखीवर सूट असेल, तर हप्ता घेऊन तुम्ही ती सोडताय, आणि तेच तुमचं व्याज. वर प्रोसेसिंग शुल्क असेल तर तेही त्यात धरा. वाचणारे 160 घरदुरुस्तीसाठी वेगळ्या ठेवलेल्या खात्यात टाका, म्हणजे चार वर्षांनी मशीन बंद पडलंच तर दुसऱ्याचे पैसे तयार असतील.

सुरक्षिततेचं दोन्ही मशीनना लागू आहे, आणि इथे मी अजिबात सूट देणार नाही. विजेचं मशीन आरसीडी (वीज गळताच पुरवठा तोडणारं उपकरण) बसवलेल्या, अर्थिंग असलेल्या पॉइंटवरच चालवा. पेट्रोलचं कधीही बंद पार्किंगमध्ये नको. इंजिनाच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि कोणत्याही मशीनची धार हातापायावर लागून कातडीत छिद्र पडलं, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालयात जा.

राहिली कामं घेण्याची गोष्ट. तो धंद्याचा निर्णय आहे, घराच्या खरेदीत तो मिसळू नका. न आलेल्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर 160 जास्त खर्चणं मला पटत नाही. विजेच्या मशीनवर, जिथे प्लग पॉइंट मिळेल तिथे, दोन-चार कामं करून बघू द्या. सहा महिने दर आठवड्याला चार-पाच तासांचं पैसे देणारं काम सलग आलं, तर त्या गतीने वर्षाचे 15 तास 200 च्या वर जातील. मग विजेपासून लांबची कामं, वेळेची बचत, सगळं पेट्रोलच्या बाजूने बोलू लागेल. तेव्हा त्या कमाईची वही घेऊन मला पुन्हा लिहा, आपण नव्याने मांडू.