शूट संपायच्या आधी पोतं उघड

प्रिय मित्रा,

तू दोन गोष्टी विचारल्यास. फ्रीलान्स फोटोग्राफीच्या कामाचा आठवडा कसा लावायचा, आणि कोल्हापूरजवळ, पन्हाळ्याच्या बाजूच्या मसाईच्या पठारावरचा कचरा बघून गप्प कसं बसायचं. मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, कारण त्यातला काही कचरा थेट आपल्या धंद्यातून येतो. रंगीत धूर सोडणाऱ्या स्मोक बॉम्बची जळकी नळकांडी, चमकी, फुटके फुगे, बॅकड्रॉप सोडवताना कापलेले केबल टाय, गॅफर टेपचे (कापडी चिकटपट्टीचे) गोळे, मेकअप पुसलेले वेट वाइप्स. हे पर्यटकांनी टाकलेलं नसतं.

आधी आठवडा. मुहूर्त आणि शनिवार-रविवार आपल्या हातात नसतात, ते सोडून उरलेले वार बांधायचे. सोमवार मेमरी कार्डांचा. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने जशीच्या तशी साठवलेली मूळ फाइल) साधारण २५ ते ३० एमबीची, म्हणजे लग्नाच्या २००० फ्रेम ५०-६० जीबी होतात. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करायची, तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवायची, आणि कॉपी झालेल्या फाइली उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. मंगळवारी निवड आणि एडिटिंग. गुरुवार प्रॉडक्टचा: हुपरीची चांदी, कोल्हापुरी चपला, शिरोलीच्या फौंड्रीतले सुटे भाग. शुक्रवारी कोटेशन, बिलं आणि थकलेल्या पैशांचे फोन. बुधवार मोकळा ठेव. रविवार जोतिबाचा असतो, पन्हाळ्याच्या बाजूला गाड्यांची रांग लागते, म्हणून आउटडोअर शूट आणि तुझी स्वतःची फिरती दोन्ही बुधवारी बसव. दुसरं काम आलं म्हणून हा वार विकू नकोस. महिन्यातून एखादा गेला तर चालेल, सगळे गेले तर तू फक्त लग्नाचा फोटोग्राफर उरशील.

आता आउटडोअर. शूटच्या जागी कचरा का राहतो ते नीट समजून घे. आपण सगळे सोनेरी उजेडाच्या मागे असतो. शेवटची चांगली फ्रेम सूर्य टेकताना मिळते, मग वीस-पंचवीस मिनिटांत अंधार, सगळ्यांना घाटरस्ता उतरायची घाई, आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये गवतातला पांढरा केबल टाय दिसत नाही. माणसं वाईट असतात असं नाही, वेळापत्रक चुकलेलं असतं. म्हणून सूर्यास्ताच्या ४५ मिनिटं आधी शूट थांबव. स्टँड, सॉफ्टबॉक्स, कपड्यांच्या बॅगा, खाण्याचे डबे सगळं गाडीत. मग सगळ्यांनी हातभर अंतर ठेवून एका रांगेत जागेवरून एकदा चालायचं, हातात पोतं. त्यानंतर एक कॅमेरा, एक लेन्स आणि एक रिफ्लेक्टर घेऊन शेवटचा उजेड वापर. क्लिपा, पिना, बॅटऱ्या निघताना मोजून डब्यात भरायच्या आणि परतताना त्याच डब्यात मोजायच्या. आकडा जुळला नाही तर शोधायला अजून उजेड असतो.

काही वस्तू पठारावर न्यायच्याच नाहीत. चमकी म्हणजे धातूचा मुलामा दिलेलं पातळ प्लास्टिक. वाऱ्यावर उडालं की कितीही माणसं लावली तरी वेचून होत नाही. स्मोक बॉम्बची नळी पेटल्यावर तापते, आणि डिसेंबरनंतर पठारावरचं गवत काडीसारखं वाळलेलं असतं, वणवा लागायला तेवढं पुरतं. वेट वाइप्स कागदासारखे दिसतात, पण बहुतेकांत पॉलिएस्टरचे धागे असतात, ते कुजत नाहीत. झेंडूच्या पाकळ्याही नकोत, त्यांच्याबरोबर दोरा आणि बी जातं. हालचाल हवी असेल तर लांब ओढणी, पदर आणि वारा पुरेसा आहे. मसाईवर वाऱ्याची कमी नाही.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. आठ माणसं, अर्धा दिवस, माणशी दोन लिटर म्हणजे १६ लिटर. २० लिटरचा एक जार आणि स्टीलचे आठ पेले नेले की १६ बाटल्या विकत घ्यायच्याच नाहीत. गाडीत कायम ठेवायचं सामान: साखरेची दोन रिकामी पोती, जाड रबरी हातमोजे, लांब चिमटा, काचा आणि ब्लेडसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा, लटकता वजनकाटा.

कोटेशनमध्ये सफाई वेगळी ओळ म्हणून दाखवू नकोस. घासाघीस सुरू झाली की गिऱ्हाईक पहिली तीच कापतं. एका मदतनिसाची अर्ध्या दिवसाची मजुरी आणि तुझा एक तास आउटडोअरच्या दरातच धर, आणि अटींमध्ये लिही: चमकी, फुगे, धूर यांचा वापर होणार नाही. हे ॲडव्हान्स घ्यायच्या आधी सांगायचं. जागेवर नवरीच्या भावाने पिशवीतून स्मोक बॉम्ब काढल्यावर सांगितलंस तर भांडण होणार.

तुझ्या बुधवारच्या फेरीत कचरा वेचायचा कधी आणि कुठे, याला महत्त्व आहे. मसाईचा सडा, म्हणजे उघडा सपाट माथा, जांभ्या दगडाचा, वर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे तिथे गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू फुलतात, आणि कचरा काढायला गेलेले पायही त्यांना तुडवतात. त्या दिवसांत पायवाटेवरून हात पोचेल तेवढंच उचल, चालायचं झालं तर उघड्या कातळावरून. जुलैत पन्हाळा-पावनखिंड मोहिमेची माणसं याच वाटेने जातात, तेव्हा वाटेच्या कडेलाच पुष्कळ मिळेल. आतला भाग फुलं सरल्यावर, दिवाळीनंतर घ्यायचा. पडलेली बाटली हाताने उचलण्याआधी काठीने उलटव, खाली विंचू किंवा साप असू शकतो. उघड्या तोंडाच्या बाटलीत किडे आणि छोटे जीव अडकतात, आधी ती तिथेच आडवी करून रिकामी कर. राधानगरी अभयारण्यात मात्र वनखात्याला विचारल्याशिवाय वेचायलाही जायचं नाही.

भरलेलं पोतं झाडाला बांधून येऊ नये, कुत्री आणि गुरं ते फाडतात. जाळायचं तर अजिबात नाही. खाली आणून वजन कर, किलो लिहून ठेव, मग वेगळं कर. पेटच्या बाटल्या आणि काच भंगारवाला घेतो. बाटलीची टोपणं वेगळ्या प्लास्टिकची असतात, ती काढून ठेव. वेफर्स-गुटख्याची पाकिटं प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या थरांची, ती कुणी विकत घेत नाही. ती महापालिकेच्या सुक्या कचऱ्यात.

फोटो हे तुझं खरं हत्यार, पण ते कामाला येईल असं वापर. ग्रामपंचायतीला किंवा वनरक्षकाला सुंदर फ्रेम नको असते, त्यांना जागा, तारीख आणि प्रमाण हवं असतं. उचलण्याआधी तीन फोटो काढ: ओळखीची खूण दिसेल असा लांबून एक, शेजारी १५ सेंटीमीटरची पट्टी ठेवून एक, लेबल वाचता येईल असा एक. कॅमेऱ्यात जीपीएस नसेल तर तिथेच मोबाइलने चौथा काढ. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी तपास. कचरा सरकवून रचू नकोस, रंग चढवू नकोस, रॉ फाइल जपून ठेव. याशिवाय एक ठरलेला दगड निवड आणि दर पंधरा दिवसांनी तिथूनच, लेन्स ३५ मिलिमीटरवर ठेवून, ट्रायपॉडची उंची तीच ठेवून, त्याच वेळेला एक फ्रेम घे. अशा सहा महिन्यांच्या फ्रेम समोर ठेवल्या की कचराकुंडी कुठे हवी यावर वाद उरत नाही.

माणसांचे चेहरे टाळ. रंकाळा तलावावर किंवा पंचगंगेच्या घाटावर निर्माल्याचा फोटो घेताना हे जास्तच पाळ. तिथे माणूस श्रद्धेने आलेला असतो, त्याला गुन्हेगार करून काही मिळत नाही. निर्माल्य कुंड किती पावलांवर आहे ते दाखव, तो प्रश्न व्यवस्थेचा आहे.

हे सगळे फोटो कामाच्या शूटमध्ये न काढता बुधवारच्या तुझ्या स्वतःच्या फेरीतच काढ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. हॉटेलच्या कामात काढलेली ढिगाऱ्याची फ्रेम तू पंचायतीकडे दिलीस आणि हॉटेलवाला नाराज झाला, तर कागद त्याच्या बाजूने बोलेल.

फोटो टाकताना लोकेशन सांगण्याबद्दल माझं मत असं: पन्हाळा, मसाई सगळ्यांना माहीत आहेत, तिथलं नाव लपवून उपयोग नाही. एखादा लहान झरा किंवा फुलांचा छोटा सडा असेल तर नकाशावरची पिन टाकू नकोस, तालुका लिही आणि थांब.

पुढच्या बुधवारी जाशील तेव्हा आधी तो ठरलेला दगड शोध. रस्त्यापासून फार आत नको, नाहीतर मुसळधार पावसात तू जाणार नाहीस. त्यावर रंगाने खूण करू नकोस, मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांश टिपून घे. पहिल्या दोन फ्रेम आणि पोत्याचं वजन मला पाठव, आणि नव्या अटी घातलेलं कोटेशनही. त्यातली भाषा गिऱ्हाइकाला टोचणारी झाली असेल तर आपण दोघं बसून सुधारू.