खालचा आकडा उतरला, म्हणजे रक्तदाब सुधारला का?

“बाबांचं खालचं बीपी आता सत्तरच्या वर जात नाही. मग वरचं थोडं जास्त असलं, तर या वयात चालतंच ना?” हा प्रश्न मला ज्येष्ठांच्या घरून वारंवार ऐकू येतो. इंदूरमधील रामबागेतल्या एका सुनेने तो विचारला, तेव्हा तिचे ७२ वर्षांचे सासरे, निवृत्त शिक्षक, शेजारीच बसले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पन्नाशीत काकांचा रक्तदाब १५०/९६ असे. आता तो १६६/७० होता. “शंभर अधिक वय” या जुन्या हिशेबाने आपण १७२च्या आतच आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. सकाळी उठताना चक्कर येते म्हणून रक्तदाबाची गोळी ते मधूनमधून स्वतःच टाळत. जिना चढताना लागणारी धाप वयाची मानली गेली होती, कारण इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, “पंपिंग ६० टक्के”, म्हणजे सामान्य, आले होते.

मी प्रथम त्यांना दोन आकड्यांमधील अंतर मोजायला सांगितले. पूर्वी ते ५४ होते, आता ९६. हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी प्रत्येक ठोक्याला ताणली जाते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या काळात आक्रसून रक्त पुढे ढकलत राहते, त्यामुळे खालचा दाब टिकून राहतो. वयानुसार तिच्या भित्तीतील लवचिक तंतू तुटतात, ताठर तंतू वाढतात, आणि बरीच वर्षे राहिलेला उच्च रक्तदाब ही झीज लवकर घडवून आणतो. मग प्रत्येक ठोक्याचा धक्का न शोषला गेल्याने वरचा आकडा चढतो आणि आक्रसण्याचे बळ उरत नसल्याने खालचा उतरतो. म्हणजे काकांच्या घरी ज्याचे समाधान मानले जात होते, ते बहुधा ताठरलेल्या धमनीचेच लक्षण होते. शिवाय हृदयाच्या स्नायूला, विशेषतः डाव्या खालच्या कप्प्याला, रक्त मिळते ते प्रामुख्याने हृदय सैल पडते त्या काळात. म्हणून खालचा दाब फार घसरणेही हिताचे नसते.

इकोच्या अहवालात पंपिंगच्या खाली आणखी एक ओळ होती, जी कोणी वाचली नव्हती: कप्प्याची भिंत जाड, सैल पडण्यात पहिल्या, म्हणजे सौम्य श्रेणीचा दोष. हा दोष उतारवयात पुष्कळांना आढळतो आणि केवळ त्यावरून हृदय निकामी होत आहे असे म्हणता येत नाही. तरीही रक्त बाहेर फेकण्याची क्षमता उत्तम असूनही कप्पा नीट न भरल्यामुळे धाप लागू शकते, म्हणून ती धाप डॉक्टरांना सांगणे आवश्यक होते, आणि तसा मी आग्रह धरला.

“या वयात गोळ्यांचा काय उपयोग?” असे काकांनी विचारले, त्याचे उत्तर अभ्यासांनी दिलेले आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शेप’ चाचणीत साठीपुढच्या, केवळ वरचा दाब वाढलेल्या रुग्णांमध्ये उपचाराने पक्षाघात सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. २००८च्या ‘हायवेट’मध्ये ऐंशीपुढच्या रुग्णांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटले.

चक्कर मात्र खरी होती, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून गोळी घ्याच असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. उभे राहताच दाब सावरणारी शरीराची यंत्रणा वयाबरोबर मंदावते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ते डॉक्टरांना कळवावे. काकांचा वरचा २४ ने उतरला. चौकशीत कळले की प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी ते घेत होते. अशा काही गोळ्यांनीही दाब उतरतो, आणि फिजिशियनना तिची कल्पनाच नव्हती. त्यांनी दोन्ही औषधांची सांगड नव्याने घातली.

मिठाचा विषय निघाला. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, आणि उतारवयात मिठाने दाब अधिक चढतो. इंदूरच्या माणसाला पोहे सोडा असे मी सांगत नाही. त्यावरची खारट शेव आणि जिरावण मसाला मात्र काकांनी सोडले.

काही महिन्यांनी वरचा आकडा १४४ झाला, खालचा ६८ वर राहिला. चक्कर थांबली, धाप थोडी उरली आहे. आणखी उतार डॉक्टर सावकाश करत आहेत, आणि त्यासाठी काका बसून व उभे राहून घेतलेल्या दोन्ही नोंदी प्रत्येक भेटीला नेतात.